जर्मनच्या जोडीला दुसरा मुख्य विषय कोणता घ्यावा?

आपला प्रश्न मी समजले तो असा: बारावी वाणिज्य शाखेतून झाली आहे, सांगलीहून पुण्यात येऊन बी.ए.ला जर्मन घेतले आहे आणि आता जोडीचा दुसरा मुख्य विषय ठरवायचा आहे. घरच्यांचा संगणकासाठी आग्रह आहे, मैत्रीण मानसशास्त्र घेणार आहे, एका शिक्षकांनी फ्रेंच सुचवले आहे, अर्थशास्त्र ‘सुरक्षित’ वाटते आणि मनातून मात्र इतिहास आवडतो. पुढे अनुवाद करायचा की जर्मनीला शिकायला जायचे, हे अजून ठरलेले नाही. मी गेली सव्वीस वर्षे पुण्यात जर्मनमधून अनुवाद आणि दुभाष्याचे काम करते, अधूनमधून शिकवतेही. त्यामुळे पुढचे सारे त्या कामातून आलेले आहे. भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाने याचे उत्तर कदाचित वेगळे दिले असते.

‘जर्मनला कोणता विषय पूरक आहे’ असा प्रश्न विचारला की उत्तर नेहमी गोलमाल मिळते, कारण ओढूनताणून पाहिले तर प्रत्येक विषय कुठल्याही भाषेला पूरक ठरतो. माझ्या मते आपल्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की, पुढची पंधरा-वीस वर्षे कोणत्या विषयावरचे जर्मन वाचत बसायला आपली तयारी आहे. अनुवादकाकडे कोणी नुसते ‘जर्मन’ घेऊन येत नाही. कोणी भाडेकरार आणतो, कोणी यंत्राची माहितीपुस्तिका, कोणी ताळेबंद, कोणी घटस्फोटाचा निकाल, कोणी औषधाच्या खोक्यातले पत्रक. या प्रत्येक कागदाच्या मागे एक विषय उभा असतो आणि तो विषय माहीत नसेल तर व्याकरण अचूक असूनही कागद कळत नाही.

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. माझी पदवी केवळ जर्मनची होती, जोडीला काहीही नव्हते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. दुभाष्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक काम भोसरीच्या बाजूच्या एका कारखान्यात होते. जर्मनीहून आलेले तंत्रज्ञ उष्णप्रक्रिया होऊन आलेला एक दांडा हातात घेऊन पुन्हापुन्हा ‘श्पानुंग’ फार जास्त आहे असे सांगत होते. मला वर्गात शिकलेला ‘श्पानुंग’ म्हणजे व्होल्टेज एवढेच ठाऊक होते, म्हणून मी तसे सांगितले, आणि कारखान्याचा इलेक्ट्रिशियन पाऊण तास भट्टीची वायरिंग तपासत राहिला. शेवटी जर्मनचा एकही शब्द न येणाऱ्या, आयटीआय झालेल्या सुपरवायझरने तो दांडा उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, ते विजेचं नाही बोलत, मटेरियलमधल्या ताणाचं बोलतायत.’ धातूच्या संदर्भात ‘श्पानुंग’ म्हणजे अंतर्गत ताण, विजेच्या संदर्भात व्होल्टेज, आणि कादंबरीच्या संदर्भात उत्कंठा. शब्दकोशात हे तिन्ही अर्थ होते. कोणता उचलायचा, हे मात्र शब्दकोशाला ठाऊक नव्हते आणि मलाही.

असे शब्द जर्मनमध्ये पावलोपावली भेटतात. ‘लाइस्टुंग’ हा शब्द भौतिकशास्त्रात वॅटमध्ये मोजली जाणारी शक्ती असतो, विम्याच्या कागदात मिळणारा लाभ, कराराच्या कायद्यात एका पक्षाने दुसऱ्याला करून द्यायची पूर्तता, आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकात मुलाची कामगिरी. आपल्या वाणिज्य शाखेच्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर ताळेबंदात ‘ऱ्यूकश्टेलुंग’ आणि ‘ऱ्यूकलागे’ असे दोन शब्द येतात. दिसायला जुळे भाऊ, आणि दोहोंचा शब्दशः अर्थ ‘मागे ठेवलेले’ असाच काहीसा होतो. पण पहिला म्हणजे तरतूद, ती दायित्वाच्या घरात बसते. दुसरा म्हणजे राखीव निधी, तो भागधारकांच्या भांडवलाचा भाग असतो. नुसती भाषा शिकलेले माझे विद्यार्थी इथे दरवर्षी अडखळतात. आपण बारावीला पुस्तपालन केलेले आहे, त्यामुळे फरक एकदा सांगितला की आपण तो पुन्हा विसरणार नाही. ही आपली जमेची बाजू आहे, आणि कला शाखेत आल्यामुळे ती मागे पडली असे आपण मनात धरलेले दिसते, ते मला पटत नाही.

मशीन भाषांतराचा मुद्दा आपण विचारलेला नाही, पण तो टाळून हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. २०१६-१७ च्या सुमारास न्यूरल पद्धतीची भाषांतर-यंत्रे सर्वांच्या हाती आली, आणि त्यांतले एक नावाजलेले यंत्र तर जर्मनीतल्या कोलोन शहरातच तयार झाले. पूर्वी नवशिक्या अनुवादकाला साधी पत्रे, माहितीपत्रके, संकेतस्थळांवरचा मजकूर अशी कामे मिळत आणि त्यांवर हात बसे. त्यांतली बरीचशी आता यंत्राकडे गेली आहेत. आमच्याकडे येते ते यंत्राने केलेले भाषांतर तपासण्याचे काम, किंवा ज्याखाली कोणाला तरी जबाबदारीने सही करावी लागते असा मजकूर. यंत्राची वाक्ये वाचायला गुळगुळीत असतात, त्यामुळे त्यातली चूक भाषेच्या कानाला खटकत नाही. ती विषयाच्या माहितीलाच खटकते. म्हणून माझ्या विद्यार्थिदशेत दुसरा विषय ही चैन होती, तर आपल्यासाठी तो निम्मा पाया आहे.

आता निवडीकडे वळू. मी दोन कसोट्या लावते. पहिली: त्या विषयाला स्वतःचा असा शब्दसंग्रह आहे का, जो रोजच्या भाषेतले शब्द घेऊन त्यांना वेगळा, काटेकोर अर्थ देतो? दुसरी: तो विषय पदवीनंतर स्वतःच्या बळावर, पुस्तके वाचून शिकता येईल का, की त्याला शिक्षक, उदाहरणे सोडवणे आणि परीक्षेचा धाक लागतो? जो विषय एकट्याने शिकता येणे अवघड, तो महाविद्यालयात असताना घ्यावा असा माझा साधारण कल आहे. संख्याशास्त्र, लेखाकर्म, कायदा हे त्यातले. या कल्पनेला अपवाद आहेत.

कायद्याचे उदाहरण आधी देते, कारण पुढे मी स्वतः तो शिकले. ‘बेझित्स’ आणि ‘आयगेनटूम’ हे शब्द सामान्य जर्मन माणूस बोलताना सर्रास एकाच अर्थाने वापरतो, पण १ जानेवारी १९०० पासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेत पहिला म्हणजे कब्जा आणि दुसरा म्हणजे मालकी. आपल्याकडे जमिनीच्या वादात पाय अडकलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही; भाषेच्या पदवीधराला मात्र सांगावा लागतो. तसेच ‘गेवेरलाइस्टुंग’ आणि ‘गारांटी’: सदोष मालाबद्दल कायद्यानेच विक्रेत्यावर टाकलेली जबाबदारी ही पहिली, आणि विक्रेत्याने किंवा उत्पादकाने आपण होऊन दिलेली हमी ही दुसरी. करारात दोन्हींसाठी ‘वॉरंटी’ लिहून मोकळे झाले की पुढच्या भांडणाची सोय होते. तरीही कायदा हा आपल्या आजच्या प्रश्नाचे उत्तर नाही, कारण बी.ए.नंतर तीन वर्षांची एलएल.बी. करता येते, आणि बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ती करताना दुसरी नियमित पदवी सोबत घेता येत नाही. भाषेचा अल्पमुदतीचा प्रमाणपत्र-वर्ग तेवढा चालतो. त्यामुळे कायदा आवडत असेल तर तो पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा.

संगणकाबद्दल घरच्यांचा आग्रह मला समजतो, पण एक वस्तुस्थिती पाहा. पुण्यात अभियांत्रिकीची कितीतरी मुले संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जर्मनची बी-१ पातळी (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतली तिसरी) गाठतात. बी.ए.तल्या जोडविषयाच्या जोरावर आपण संगणकात त्यांच्या बरोबरीला येणे कठीण आहे. आपली आघाडी जर्मनमध्ये असेल आणि तीही बी-२ च्या पुढे गेलात तरच. संगणकाची मनापासून आवड असेल तर भाषा-तंत्रज्ञानाची वाट खरोखर चांगली आहे, पण तिला प्रोग्रॅमिंगइतकीच भाषाविज्ञानाची जोड लागते, आणि पुण्यात डेक्कन कॉलेजसारखी त्या विषयाची जुनी जागा पदव्युत्तर शिक्षणासाठी हाताशी आहे. आवड नसेल तर केवळ भीतीपोटी घेऊ नये.

संगणक आणि वाणिज्य यांच्या सीमेवरची एक जागा मात्र आपण लक्षात ठेवावी. सॅप ही जर्मन कंपनी १९७२ मध्ये सुरू झाली आणि तिची व्यवसाय-प्रणाली आज पुण्यातल्या असंख्य कार्यालयांत चालते. तिच्या तक्त्यांमधील रकान्यांची नावे अजूनही जर्मन शब्दांची लघुरूपे आहेत: ‘मॅटनर’ म्हणजे ‘माटेरिआलनुमर’, ‘कुन्नर’ म्हणजे ‘कुंडेननुमर’ अर्थात ग्राहक-क्रमांक, ‘लिफनर’ म्हणजे ‘लीफेरांटेननुमर’ अर्थात पुरवठादाराचा क्रमांक. इतर लोक ही नावे मंत्रासारखी पाठ करतात. जर्मन आणि हिशेब दोन्ही येणाऱ्याला ती वाचता येतात. एवढ्यावर नोकरी मिळत नाही, हे खरे. पण असा माणूस त्या कामात लवकर रुळतो, हे मी माझ्याच दोन विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

मानसशास्त्राविषयी थोडक्यात: विषय उत्तम आहे, परंतु त्यात व्यवसाय करायचा तर पदव्युत्तर शिक्षण अटळ आहे, आणि मैत्रीण घेते आहे हे कारण पुरेसे नाही. फ्रेंचविषयी त्याहून थोडक्यात: दुसरी परकी भाषा घेतल्याने, वर मांडलेली अडचण सुटत नाही, दुप्पट होते. दोन भाषांत अडाणी असणाऱ्या अनुवादकापेक्षा एका भाषेत एक विषय जाणणारा अनुवादक बरा. फ्रेंचची हौस असेल तर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्राँसेझमध्ये अर्धवेळ शिकता येते, त्यासाठी पदवीतली निम्मी जागा खर्चण्याचे कारण नाही. जर्मन बी-१, फ्रेंच ए-२, स्पॅनिश ए-१ अशी प्रमाणपत्रे घेऊन येणारे बरेच जण मला भेटतात, आणि ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण मी त्यांच्यासमोर उच्चारत नाही एवढेच.

आता इतिहास. आपण तो यादीत शेवटी आणि थोडा संकोचून लिहिला आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते.

जर्मन येणाऱ्या भारतीय इतिहास-विद्यार्थ्याला जी कागदपत्रे खुली होतात, त्यांची आपल्याकडे फारशी जाणीव नाही. १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला डॅनिश राजाच्या आश्रयाने जर्मन मिशनरी उतरले. त्यांची पत्रे आणि रोजनिशा जर्मनीतल्या हाले शहरात जात आणि तिथे छापल्या जात. याच मिशनमधले ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ पुढे तंजावरला स्थिरावले, आणि तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी हे त्यांच्या देखरेखीखाली वाढले. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले, आणि आपल्या या गुरूचे संगमरवरी स्मारक त्यांनी लंडनच्या शिल्पकाराकडून करवून घेतले. म्हणजे एकाच दरबाराबद्दलची एक बाजू तंजावरच्या मोडी कागदांत आहे आणि दुसरी जुन्या जर्मन हस्ताक्षरात. ‘कुरेंट’ नावाचे ते वळण आजच्या जर्मन तरुणांनाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही, जसे आपल्या तरुणांना मोडी येत नाही. मोडी आणि कुरेंट ही जोडी एका माणसाच्या हातात असणे ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे आपणच ताडून पाहा.

सांगलीहून धारवाड फार लांब नाही. तिथे आणि मंगळूरला स्वित्झर्लंडच्या बाझेल मिशनचे जर्मनभाषक लोक एकोणिसाव्या शतकात राहिले. फर्डिनांड किट्टेल यांचा १८९४ चा कन्नड शब्दकोश त्यातूनच आला. संस्कृतकडे वळलात तर बोटलिंक आणि रोट यांचा १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गला निघालेला सात खंडांचा संस्कृत कोश जर्मनमध्ये आहे, आणि अभ्यासक तो आजही उघडतात. महाराष्ट्राच्या लोकदैवतांचा अभ्यास करताना जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांना टाळता येत नाही. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये आधी जर्मनमध्ये निघाला. जाता जाता सांगते, याच सोन्थायमर यांनी हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर इतिहासावरही पुस्तक लिहिले आहे. धनगरांच्या वाड्यांवर जाणारा माणूस कायद्याच्या वाटेने आलेला होता, याचे मला नेहमी नवल वाटते.

तेव्हा इतिहास निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पण ही वाट संशोधनाची आहे, तिथे एम.ए. आणि पीएच.डी. धरून आठ-दहा वर्षे लागतात, आणि तेवढा काळ घरून पाठबळ किंवा शिष्यवृत्ती हवी. बावीस-तेविसाव्या वर्षी कमावणे भाग असेल तर इतिहासाची पदवी आणि जर्मन बी-२ यांवर पुण्यात जे मिळेल ते बहुधा इतिहासाशी संबंध नसलेले काम असेल. हे सर्वस्वी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती आपण लिहिलेली नाही.

कमावण्याची निकड आहे असे धरून चालले, तर माझी पसंती अर्थशास्त्राला आहे, मात्र ते सुरक्षित आहे म्हणून नव्हे. पुस्तपालन आपल्याला आधीच येते, आर्थिक जर्मनचा शब्दसंग्रह आपण इतरांपेक्षा लवकर आत्मसात कराल, आणि चाकणपासून पिंपरीपर्यंत ज्या जर्मन कंपन्या आहेत त्यांच्या कागदांत यंत्रांइतकाच पैसाही असतो. अर्थशास्त्र घ्याल तर गणित आणि संख्याशास्त्राचे पेपर टाळू नका. जर्मन विद्यापीठांत एम.ए.च्या तोडीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देताना त्या विषयातले पदवीचे क्रेडिट मोजतात, आणि अर्थशास्त्रात नेमके याच पेपरांच्या अभावी अर्ज परत येतात. इतिहास दुय्यम विषय म्हणून ठेवता आला तर अवश्य ठेवावा. कुरेंट आणि मोडी सुट्टीत शिकता येतात.

नियमांची बाजू आपण कार्यालयात जाऊन पक्की करावी. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात, आणि दोन मुख्य विषयांची पदवी म्हणायची तर त्यातले किमान ४० टक्के, म्हणजे ४८, दुसऱ्या विषयाचे असावे लागतात. त्याहून कमी असतील तर तो दुय्यम विषय होतो. बऱ्याच महाविद्यालयांत कागदावर असलेली जोडी वेळापत्रकात बसत नाही, म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नये. जोडी बसतच नसेल तर आणखी एक मार्ग आहे: एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे, त्यामुळे जर्मनची पदवी वर्गात बसून आणि बी.कॉम. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, असेही करता येईल. याला शिस्त फार लागते, आणि माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक जण दुसऱ्या वर्षी एक बाजू सोडून देतात.

कारण भाषेलाही वेळ लागतो. जर्मन शिकवणारी ग्योटे इन्स्टिट्यूट बी-२ पर्यंत पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका धरते आणि सी-१ साठी ८०० ते १०००. दुसरा विषय इतका जड घेऊ नये की पदवीअखेर जर्मन बी-१ वर रेंगाळेल, कारण मग वर सांगितलेली सगळी गणिते कोसळतात. अडचण आलीच तर मी आपल्याला दुसऱ्या विषयात प्रथम श्रेणी सोडा पण सी-१ सोडू नका असे सांगेन.

निर्णयापूर्वी पंधरा दिवस काढून एक गोष्ट करून पाहावी. अर्थशास्त्र आणि इतिहास या दोन्हींच्या प्रथम वर्षाच्या पुस्तकातले एकेक प्रकरण घ्यावे, त्याच विषयावरचा जर्मन विकिपीडियातला लेख काढावा, आणि रोज एक परिच्छेद शब्दकोश घेऊन वाचावा. आपल्या आजच्या पातळीला दोन्ही जड जातील, ते अपेक्षितच आहे. कोणता लेख आठव्या दिवशीही आपण होऊन उघडला जातो, तेवढे पाहायचे.

आणि जो काही विषय घ्याल, त्याच्या प्रत्येक सत्राचा अधिकृत अभ्यासक्रम, तासांच्या आणि क्रेडिटच्या आकड्यांसह, आजपासून जपून ठेवावा. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे जर्मन दूतावासाच्या कक्षाने तपासल्याचा दाखला, घ्यावे लागते, आणि त्यापुढे विद्यापीठे एकेका पेपरात काय शिकवले गेले हे विचारतात. मधल्या काळात अभ्यासक्रम बदललेला असतो, संकेतस्थळावरून जुना काढून टाकलेला असतो, आणि विद्यार्थिनी महाविद्यालयाच्या कार्यालयात खेटे घालत बसते. माझ्या एका विद्यार्थिनीचे प्रवेशाचे एक अख्खे सत्र याच पायी हुकले.